सहा सायकलस्वारांची पृथ्वीप्रदक्षिणा

चिंचवड, पिंपरी, आकुर्डी, भोसरी आणि पलीकडे चाकण हा आपला कारखान्यांचा पट्टा कोणत्या वाहनाने उभा केला असे विचारले, तर कोणी मालमोटारीचे नाव घेईल, कोणी आकुर्डीच्या स्कूटरचे घेईल. पण न्यायाने पाहिले तर हा मान सायकलीला दिला पाहिजे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि मग ज्या माळावर पूर्वी गुरे चरत तेथे एकामागून एक कारखान्यांची छपरे चढली. पाळीचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. हँडलला डबा, कॅरिअरला गुंडाळलेला रेनकोट, साखळीत अडकू नये म्हणून विजारीच्या उजव्या पायाला चिमटा, पुढे दिवा आणि पालिकेचा बिल्ला असा तो सारा थाट असे. त्या सायकलींवर बसून एका पिढीने संसार ओढले, मुलींची लग्ने केली आणि मुलांना शाळेत पोचवले.

म्हणूनच सायकल म्हटली की आपल्या मनात घर ते कारखाना आणि कारखाना ते घर एवढीच तिची धाव असते. फार तर कार्ल्याची लेणी, देहू, आळंदी किंवा सुट्टीत लोणावळा! परंतु याच यंत्रावर बसून, शंभर वर्षांमागे, मुंबईचे सहा तरुण पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते, आणि त्यांतल्या तिघांनी ती पुरीही केली. त्यांची नावे आज फार थोड्यांना ठाऊक आहेत. दिवाळीच्या या निवांत दिवसांत वाचकांना त्यांची ओळख करून द्यावी, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी सायकलीविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी असलेली, आपल्या ओळखीची सायकल १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी बाजारात आणली. १८८८ साली डनलॉप यांनी तिला हवेचा टायर दिला आणि बसणाऱ्याच्या हाडांचे हाल थांबले. पण माणसाला धीर कुठला! त्याच्याही आधी, पुढचे चाक छातीएवढे उंच आणि मागचे ताटाएवढे, अशा बेढब सायकलीवर टॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ साली जपानात योकोहामाला पोचला. वाटेत लाहोर ते कलकत्ता हा आपला मुलूखही त्याने तुडवला. पुढे १८९६ ते १८९८ या काळात फ्रेझर, लन आणि लो हे तिघे इंग्रज ७७४ दिवसांत जग फिरले. तेही हिंदुस्थानातून गेले.

हे सारे पाहुणे पश्चिमेकडून आले. त्या काळच्या हिंदुस्थानात गोऱ्या माणसाला डाकबंगल्याचे दार उघडे असे, कलेक्टरसाहेब त्याला जेवायला बोलावी, आणि गावचा पाटील त्याच्यापुढे हात जोडून उभा राही. त्याला आपली भाषा येत नसे, पण त्याचे काही अडतही नसे. भाषा न येण्याची अडचण दुबळ्यालाच होते, राज्यकर्त्याला ती क्वचित होते. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढची हकीकत वाचावी.

१९२० साली मुंबईच्या ओव्हल मैदानावर एका फ्रेंच प्रवाशाचे व्याख्यान झाले. तो युरोपातून हिंदुस्थानपर्यंत पायी चालत आला होता. ऐकणाऱ्यांत काही पारशी तरुण होते. वय विशीतले, अंगात ताकद, आणि बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबात वजने उचलण्याचा शौक. त्यांच्या मनात ते व्याख्यान रुतून बसले. तीन वर्षांनी, ऐन दसरा-दिवाळीच्या सुमारास, १५ ऑक्टोबर १९२३ या दिवशी क्लबाचे सहा सभासद सायकलींवर टांग मारून निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरीमन कापडिया ही त्यांची नावे.

तो काळ कसा होता याची कल्पना करावी. पहिले महायुद्ध संपून पाच वर्षे झाली होती. त्या युद्धाने जगाच्या नकाशावरच्या रेघा पुसून नव्या ओढल्या होत्या. पासपोर्ट नावाची नवी भानगड सुरू झाली होती. हिंदुस्थानात त्याचा कायदाच मुळी १९२० सालचा. सहाजणांपाशी होते ते परतंत्र देशातल्या प्रजाजनाचे कागद. डाकबंगले, कलेक्टर आणि हात जोडणारे पाटील त्यांच्या वाट्याला येणार नव्हते. घरी बोलायची भाषा गुजराती, शहरात इंग्रजी आणि मुंबईची हिंदुस्थानी, एवढ्या शिदोरीवर त्यांना बलुच, इराणी, अरब, इटालियन, जर्मन, फ्रेंच, जपानी, कोरियन, चिनी, सयामी आणि ब्रह्मी माणसांच्या दारात उभे राहायचे होते.

आता थोडे शाळामास्तरी गणित. प्रवास पुरा करणारे तिघे १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला परतले. म्हणजे चार वर्षे आणि पाच महिने, मोजून १,६१६ दिवस. अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किलोमीटर धरला तर ही पावणेदोन पृथ्वीप्रदक्षिणा होते. दिवसाची सरासरी काढली तर ४४ किलोमीटर. चिंचवडहून सायकलीने निघावे आणि लोणावळ्याच्या जवळपास जाऊन टेकावे, एवढेच! हे काय कठीण, असे एखादा तगडा गडी म्हणेल. पण ते रोज करायचे, १,६१६ दिवस करायचे. या सरासरीत बोटीवरचे दिवस आले, मुक्कामाचे आले, तापाने फणफणण्याचे आले, आणि सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवण्याचेही आले. शिवाय संध्याकाळी जेथे पोचायचे तेथे आपले कोणी नाही, आणि जे आहेत त्यांना आपण काय बोलतो ते कळत नाही.

ते पंजाबातून बलुचिस्तानात शिरले आणि तेथून इराणात गेले. पारशांच्या पूर्वजांचा हा देश. हजार-बाराशे वर्षांपूर्वी ज्यांनी तो सोडला त्यांचे वंशज आता सायकलींवर बसून तेथे परत येत होते, पण घरात गुजराती बोलत होते. पूर्वजांचा देश आणि परका देश या दोन गोष्टी एकच असू शकतात, याचा असा अनुभव फार थोड्यांना येत असेल. इराण त्या वेळी कूस पालटत होता. ज्या महिन्यात ही मंडळी मुंबईहून निघाली त्याच महिन्यात रझाखान तेथे पंतप्रधान झाला, आणि दोन वर्षांनी तोच शहा होऊन गादीवर बसला.

तेहरानला पहिली ताटातूट झाली. नरीमन कापडिया वैयक्तिक कारणाने तेथून मायदेशी परतले. राहिले पाच.

इराणनंतर इराक, म्हणजे तेव्हाच्या बोलण्यातला मेसोपोटेमिया. या ठिकाणी मराठी वाचकाने जरा थांबावे, कारण हा मुलूख आपल्या लोकांच्या रक्ताने भिजलेला आहे. पहिल्या महायुद्धात येथे लढायला गेलेल्या पलटणींत मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडून, उपासमार सोसून, जिने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली त्या सैन्याचे नावच मुळी सहावी पूना डिव्हिजन असे होते.  त्या गोष्टीला आठ-नऊ वर्षे होतात न होतात तोच हे हिंदी तरुण त्याच वाळूत आले. आधी आले होते ते बंदूक घेऊन, दुसऱ्याच्या हुकमाने आले होते. हे आले ते स्वखुशीने, हातात हवा भरण्याचा पंप घेऊन. परक्या भाषेच्या मुलखात शिपाई म्हणून जाणे निराळे आणि पाहुणा म्हणून जाणे निराळे. शिपायाला पाणी मागावे लागत नाही, तो ते घेतो. पाहुण्याला मागावेच लागते.

मेसोपोटेमियाचे ९५६ किलोमीटरांचे वाळवंट त्यांनी २३ दिवसांत ओलांडले. वाळूची वादळे, कोरडा पडलेला घसा, फोडांनी भरलेले पाय. टायर वाळूत रुतला की सायकल माणसाला नेत नाही, माणसालाच सायकल न्यावी लागते. पुढे सीरिया, मग सिनाईचे वाळवंट आणि मग ईजिप्त. तेथून बोटीने ते इटलीच्या ब्रिंदिसी बंदरात उतरले.

ही हकीकत वर्गात सांगितली की मुले हमखास दोन प्रश्न विचारतात. पंक्चर कोण काढीत असे, आणि भाषा कशी कळत असे? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. वाटेत सायकलचे दुकान नव्हते, तेव्हा ज्याचे पंक्चर त्यानेच काढायचे. दुसरा प्रश्न मोठ्यांनाही पडावा असा आहे.

त्याचे निम्मे उत्तर आपल्याच तोंडात आहे. आपल्या मराठीत फारसी आणि अरबी शब्द इतके मुरले आहेत की ते परके असल्याचे आपल्याला आठवतही नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच शब्दांच्या गर्दीमुळे. गुजरातीचीही तीच गत. बाजार, शहर, दरवाजा, जमीन, दुकान, कागद हे शब्द थोड्याफार फरकाने इराणी माणूस ओळखतो. बगदादच्या बाजारात हिशोब, तारीख, वकील हे शब्द कानावर पडले तर आपल्याकडचा माणूस दचकून मागे पाहील. साबणाची तर मौजच आहे. अरबीत तो साबून, इटालियनात सापोने, फ्रेंचमध्ये साव्हाँ. चिंचवडच्या वाण्याकडे जो शब्द उच्चारावा, तोच जिभेला थोडी मुरड घालून बगदादला, रोमला आणि पॅरिसला चालवावा!

चहाची कथा याहूनही रंगतदार आहे. चीनच्या पोटातून खुष्कीच्या मार्गाने जेथे जेथे ही पाने गेली तेथे तेथे 'चा' हा शब्द गेला. म्हणून इराणात चाय, अरबांकडे शाय, आपल्याकडे चहा. उलट चीनच्या फूक्येन किनाऱ्यावर त्याच पानांना 'ते' म्हणत, आणि डच व्यापाऱ्यांनी तेथूनच ती गलबतांवर चढवली. म्हणून इंग्रजांकडे टी, जर्मनांकडे टे, फ्रेंचांकडे ते. सहा सायकलस्वारांचा मार्ग या शब्दाच्या मागोमाग धरून पाहावा. मुंबईपासून ईजिप्तपर्यंत 'चा'चे राज्य. भूमध्य समुद्र ओलांडला की 'ते'चे. अमेरिका संपवून जपानात उतरले की पुन्हा 'चा', कोरियात 'चा', चीनमध्ये 'चा', सयामात 'चा'. ब्रह्मदेशात मात्र निराळा शब्द भेटतो. पण तोवर घर जवळ आलेले असते.

उरलेले निम्मे उत्तर हातवाऱ्यांत आहे. ओंजळ तोंडाशी नेली की पाणी. तळहातावर गाल टेकून डोळे मिटले की निजायला जागा. आणि बसलेले चाक दाखवले की कोणत्याही भाषेतला माणूस 'अरेरे' म्हणतोच. मोटारीतून किंवा आगगाडीतून जाणारा प्रवासी काचेआड असतो. सायकलवाला उन्हात घामाघूम होऊन येतो आणि धुळीने माखलेला असतो. त्याला पाहून कोणाला भीती वाटत नाही, हेवा वाटत नाही. दया वाटते, आणि थोडी गंमतही वाटते. एका वेळी दया आणि गंमत वाटू लागली की माणूस दार उघडतो. चार-साडेचार वर्षे रोज नवे गाव आणि रोज नवे दार. त्यांतली बरीच दारे बंद राहिली असती तर हा प्रवास बलुचिस्तानातच आटोपला असता. म्हणून या प्रदक्षिणेचे श्रेय वाटायचे झाले तर अर्धे त्या सहाजणांना द्यावे आणि अर्धे त्या असंख्य अनाम यजमानांना, ज्यांना आपल्या पाहुण्याचे नावसुद्धा नीट उच्चारता आले नसेल.

युरोपात त्यांनी आल्प्स पर्वत ओलांडला. ६,६०० फूट उंचीवर, बर्फातून. मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्या माणसांना बर्फ म्हणजे सरबतात घालायची वस्तू! पुढे इंग्लंड आणि मग बोटीने अमेरिका. तेथे पाच महिन्यांत ८,४०० किलोमीटर, एका महासागराच्या किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. या देशात भाषेची अडचण नव्हती. इंग्रजी चालत होते, रस्ते बरे होते, खायला मुबलक होते.

आणि नेमकी तेथेच ही मंडळी पुन्हा फुटली. गुस्ताद हाथीराम यांनी अमेरिकेतच राहण्याचे ठरवले. यानंतर केकी पोचखानावाला यांनीही चाक मागे वळवले आणि ते मायदेशी परतले. वाळवंटाने, तहानेने आणि परक्या भाषांनी जे झाले नाही ते सुखसोयींच्या देशात झाले. त्यामागे कोणती बोलणी झाली, कोण कोणावर रुसले, निरोप घेताना कोणाचा कंठ दाटला, हे लिहिण्याचा कादंबरीकाराला मोह होतो. पण इतिहासात पात्रांच्या तोंडी आपली वाक्ये घालू नयेत. एवढे मात्र कोणालाही कळण्याजोगे आहे की दोन-तीन वर्षे रात्रंदिवस एकत्र राहिलेल्या माणसांना तोडायला भांडण लागत नाही. एकाला एखादे गाव आवडते, एवढे पुरते.

हाथीराम यांच्या निर्णयाचे धाडस समजण्यासाठी त्या काळचा अमेरिकन कायदा पाहावा. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नव्हे, म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. १९२४ च्या कायद्याने आशियातल्या लोकांना तेथे स्थायिक होण्याची दारे जवळजवळ बंदच केली. अशा देशात राहायचे ठरवणे म्हणजे चार दिवसांचा पाहुणा असणे सोडून, न बोलावलेला शेजारी होणे. पाहुण्याचे कौतुक होते. शेजाऱ्याची चौकशी होते.

राहिलेले तिघे, हकीम, बापासोला आणि भुमगरा, पॅसिफिक महासागर ओलांडून जपानात आले. तेथून कोरिया. हा देश १९१० पासून जपानच्या टाचेखाली होता. सायकलवर जगप्रवास करणारे आपणच तेथे प्रथम पोचलो असे या तिघांचे म्हणणे होते. मग चीन. तेथे तेव्हा यादवी माजली होती, एकेका प्रांताचा एकेक सेनापती धनी झाला होता आणि वाटा लुटारूंनी भरल्या होत्या. मग फ्रेंचांच्या ताब्यातला व्हिएतनाम, कंबोडियाच्या दलदली, सयामची जंगले, आणि शेवटी ब्रह्मदेश. गंमत अशी की ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. म्हणजे कागदोपत्री ते तेथेच घरी पोचले होते, आणि घरातल्या माणसांची भाषा मात्र त्यांना कळत नव्हती! तेथून ईशान्येच्या वाटेने ते हिंदुस्थानात आले आणि १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला.

तिघांनी मिळून आपला वृत्तांत इंग्रजीत लिहिला. 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड' या नावाने तो १९३१ साली निघाला आणि त्याला प्रस्तावना लिहिली ती पंडित जवाहरलाल नेहरूंनी. २००८ साली ते पुस्तक पुन्हा छापले गेले.

यांची चाके गतीत असतानाच मुंबईहून आणखी एक स्वार निघाला होता. फ्रामरोझ दावर हे क्रीडा-पत्रकार. जानेवारी १९२४ मध्ये ते एकटेच निघाले. पहिला टप्पा एकट्याने कापून ते ऑस्ट्रियात व्हिएन्नाला पोचले, आणि तेथे गुस्ताव स्टावयानिक नावाचा ऑस्ट्रियन सायकलस्वार त्यांना भेटला. दोघांची मने जुळली आणि पुढचा सारा प्रवास त्यांनी जोडीने केला. १९३१ पर्यंत ते फिरत होते. ५२ देश, सुमारे १,१०,००० किलोमीटर, सहारा वाळवंट आणि ॲमेझॉनचे अरण्य. दावर यांनी सहाराच्या आणि ॲमेझॉनच्या प्रवासावर स्वतंत्र पुस्तके लिहिली.

मला ही जोडी सहाजणांपेक्षाही विलक्षण वाटते. एक मुंबईचा पारशी, दुसरा व्हिएन्नाचा. दोघांच्या मातृभाषा वेगळ्या, धर्म वेगळे. युद्ध संपून सात वर्षेही झाली नव्हती, आणि त्या युद्धात एकाचे राज्यकर्ते दुसऱ्याच्या देशाचे शत्रू होते. एका भाषेचे सहाजण निघाले ते तीन उरले. दोन भाषांचे दोघे भेटले ते शेवटपर्यंत दोघेच राहिले. यावरून भाषेची महती कमी होत नाही. पण माणसे एकत्र राहतात ती एका भाषेमुळे, हा आपला समज थोडा तपासून पाहावा असे वाटते.

पुढे १९३३ साली केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ असे आणखी तिघे मुंबईहून निघाले. ते अफगाणिस्तानातून गेले, पाच खंड फिरले, आणि परतले ते १९४२ साली. तोवर जगाला दुसऱ्या महायुद्धाची आग लागली होती. सुमारे ८४,००० किलोमीटरांचा तो प्रवास. वीस वर्षांत एका शहरातून, एका छोट्या समाजातून असे तीन प्रवास व्हावेत आणि तरी आपल्या मुलांना त्यांतले एक नावही ठाऊक नसावे, ही काही भूषणाची गोष्ट नाही. आपण गडांवरच्या तोफा मोजतो, ते योग्यच आहे. पण कोणालाही न मारता, काहीही न लुटता जग पाहून आलेल्यांचीही मोजदाद कोठे तरी व्हायला हवी.

आता दिवस पालटले आहेत. आज पैसे भरले की युरोपात सायकलींची सहल तयार असते. डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाउपासून व्हिएन्नापर्यंत सुमारे सव्वातीनशे किलोमीटरांची सपाट, आखीव वाट आहे. सामान गाडीतून पुढच्या मुक्कामी जाते, आणि निरनिराळ्या भाषा बोलणारे प्रवासी आठवडाभर एका पंगतीला बसतात. आपल्याकडचे हौशी लोकही आता अशा सहलींना जातात. मग व्हिएन्नाला पोचल्यावर दावर आणि स्टावयानिक यांची आठवण त्यांनी अवश्य काढावी. शेजारच्या सायकलवर जो अनोळखी जर्मन किंवा इटालियन बसला आहे, त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी त्याने बदलेल.

आणि धाडस संपले आहे असेही नव्हे. आपल्या निगडीची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली, विशीच्या उंबरठ्यावर, ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून एकटी निघाली आणि १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून डिसेंबरात कलकत्त्याला पोचली. चौदा देश. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटले गेले, रशियात बर्फात एकटीने मुक्काम केले. दिवसाची सरासरी काढली तर १८२ किलोमीटर. १९२३ च्या सहा गड्यांनी हा आकडा ऐकला असता तर टोप्या काढून तिला सलाम केला असता. ज्या पट्ट्यात मुलीने सायकल चालवावी की नाही यावर आमच्या आजोबांच्या पिढीत घराघरांत वाद होत, त्याच पट्ट्यातली ही मुलगी.

पण या इतिहासाचा आपल्याशी खरा संबंध सायकल चालवण्याचा नाही. तो दार उघडण्याचा आहे.

आपला हा मुलूख परक्यांना नवा नाही. १६६० साली शायिस्तेखानाची फौज चाकणच्या किल्ल्याभोवती जवळजवळ दोन महिने बसली होती, आणि फिरंगोजी नरसाळा आत राहून झुंजत होता. तेव्हा परकी भाषा तोफेच्या आवाजात ऐकू आली. १९९४ साली जर्मनांची मर्सिडीज कंपनी पिंपरीला आली, २००९ साली चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने उघडले, मागोमाग जपानी आणि कोरियन आले. आज येथल्या उपाहारगृहांत जपानी किंवा कोरियन बोलणे कानावर पडले तर कोणी मान वळवीत नाही. आपली मुले पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन जर्मन आणि जपानी शिकतात. ही चांगली गोष्ट आहे. ज्यांच्या मागे पैसा आहे त्यांची भाषा शिकायला माणूस नेहमीच तयार असतो.

परंतु याच कारखान्यांत ओरिसाहून, बिहारहून, आसामहून, झारखंडहून जी पोरे येतात, दहा-दहा जण एका खोलीत राहतात आणि रात्रपाळी संपवून पहाटे जुनी सायकल रेटीत परततात, त्यांची भाषा शिकावी असे किती जणांना वाटते? ती विशीतली मुले आहेत. त्यांच्याही आया घरी वाट पाहत आहेत. त्यांना कोणी मैदानावर व्याख्यान देऊन निघायला सांगितले नाही, पोटाने सांगितले. त्यांच्या प्रवासावर पुस्तक निघणार नाही आणि त्याला पंतप्रधान प्रस्तावना लिहिणार नाहीत. आडगावातून निघून, भाषा न कळणाऱ्या मुलखात येऊन, तळहातावर गाल टेकून निजायला जागा मागणे हे मात्र तेच आहे, जे हकीम, बापासोला आणि भुमगरा यांनी इराणात केले, इराकात केले, चीनमध्ये केले.

आमच्या शाळांत जून महिन्यात अशा घरांतली मुले दाखल होतात तेव्हा त्यांना मराठीचे एक अक्षर कळत नाही. ती मागच्या बाकावर गप्प बसतात. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत तीच मुले शेजाऱ्याशी मराठीत भांडू लागतात. भांडणे जमले म्हणजे भाषा आली, ही मास्तरांची जुनी कसोटी आहे. त्यांना शिकवले कोणी? थोडे आम्ही, पुष्कळसे मधल्या सुट्टीत डब्यातली पोळी पुढे करणाऱ्या, विटीदांडूच्या डावात घेणाऱ्या आणि पडलेली चेन बसवून देणाऱ्या सोबत्यांनी. शब्द मागाहून येतात.

शंभर वर्षांपूर्वी कोण्या इराणी बाईने, कोण्या अरब धनगराने, कोण्या चिनी शेतकऱ्याने आपल्या सहा मुलांना पाणी दिले. कोणत्या भाषेत दिले हे त्यांना विचारावेसे वाटले नसेल. त्या पाण्याची परतफेड करायला आज इराणात जाण्याची गरज नाही. यंदाच्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, कारखान्यांना सुट्टी असताना आणि गाडीचे तिकीट न मिळाल्याने जी पोरे आपल्याच आळीतल्या खोल्यांत बसून राहिली असतील, त्यांच्या दाराशी फराळाचे एक ताट गेले तरी पुष्कळ झाले. ती 'चहा' म्हणा अथवा 'चाय' म्हणा, शब्द ओळखतील.